गोष्ट सांगेल त्याला पाच पैसे सूट

एकोणीसशे नव्याण्णवच्या दसऱ्याला बंगळूरात जयनगरच्या तिसऱ्या ब्लॉकात एक बातमी दुधाच्या पिशवीबरोबर घरोघरी पोचत होती. अंबक्काने म्हणे आपल्या गॅरेजमधलं दीड रुपयाचं एक जुनं कॉमिक अमेरिकेतल्या कुणा वेड्याला सव्वाशे डॉलरला विकलं आणि त्या पैशांत मुलाला मारुती घेऊन दिली. बातमी चौथ्या ब्लॉकच्या कॉम्प्लेक्सपर्यंत गेली तोवर एका पुस्तकाचं पोतं झालं होतं, आणि मारुतीच्या जोडीला येलहंक्यात तीस बाय चाळीस फुटांची एक साइटही, म्हणजे घर बांधायला प्लॉट, आली होती.

यातली मारुती खरी, पण ती अंबक्काच्या मुलाने, गुंडूने, स्वतःच्या पगारातून घेतलेली. येलहंक्याची साइट शेजारच्या वसुमतीच्या मनात बरीच वर्षं होती. स्वतःच्या नावावर होईना म्हणून तिने ती अंबक्काच्या नावावर करून टाकली. सव्वाशे डॉलर हा आकडाही खरा. फक्त तेवढे पैसे अंबक्काच्या हातात कधी आले नाहीत, आणि तिने येऊही दिले नाहीत.

अंबक्का म्हणजे अंबुबाई संताजीराव मोहिते. तिचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या घोड्यामागे चालत इकडे आले आणि घोडा परत गेला तरी हे राहिले. घरात मराठी टिकली, पण अक्षरं कानडी झाली. अंबक्का मराठी बोलायची, ती कानडी लिपीत लिहायची आणि इंग्रजीला लांबूनच नमस्कार करायची. शाळा कानडी, तीही चौथीपर्यंत. अशा बाईने सोळा वर्षं इंग्रजी पुस्तकांची लायब्ररी चालवली, यावर नव्या भाडेकरूंचा विश्वास बसत नसे. जुन्यांना त्यात नवल वाटत नव्हतं. त्यांची पोरं तिथेच वाढली होती.

लायब्ररी आली ती एका कपाटातून. तिचे यजमान संताजीराव घड्याळांच्या कारखान्यात कामाला. अडुसष्ट साली रिचमंड टाउनमधलं एक अँग्लो-इंडियन कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघालं, तेव्हा बंगल्याच्या अंगणात त्यांच्या सामानाचा लिलाव झाला. संताजीराव गेले होते खुर्च्या बघायला आणि चाळीस रुपयांना सागवानी कपाट घेऊन आले. घरी उघडलं तर आत गच्च कॉमिक्स. चारशेच्या वर. माणूस सरळ; दुसऱ्या दिवशी सायकलवर गठ्ठा बांधून परत द्यायला गेला, तर बंगल्याला कुलूप आणि माळी म्हणतो, साहेबांची बोट सुटली.

घराला गॅरेज होतं, गाडी नव्हती. त्या काळी जयनगरात घर बांधायचं तर नकाशात गॅरेज दाखवायची पद्धत होती. नशिबात गाडी दाखवलेली नसली तरी चालायचं. कपाट तिथे उभं राहिलं, पोरं डोकवायला लागली, आणि अंबक्काने दारावर खडूने कानडीत पाटी लिहिली: दिवसाला दहा पैसे. गोष्ट सांगेल त्याला पाच पैसे सूट.

ही सूट म्हणजे अंबक्काची खास रीत. पुस्तक परत आणलं की पोराने त्यातली गोष्ट तिला सांगायची. मराठीत, कानडीत, दोन्हींच्या खिचडीत, कशीही. वसुमती कुंपणावरून म्हणायची, "अय्यो अंबक्का, पाच पैसे सोडून गोष्टी ऐकतेस? त्यात दोन लिंबं येतील की!" त्यावर अंबक्काचं उत्तर ठरलेलं: "मिरच्या विकणाऱ्याला त्या तिखट की कशा हे ठाऊक नको का?"

मग संध्याकाळी ती गॅरेजच्या दारात स्टुलावर बसून अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलायची आणि समोर पोरांची रांग. पोरगं गोष्ट सांगायचं, अंबक्का हुंकार द्यायची, मध्येच "स्वल्प थांब" म्हणून लांबट वहीत टिपून घ्यायची: पुस्तकाचा नंबर, सभासदाचा नंबर आणि गोष्ट. हे नंबर ती एवढ्या मोठ्याने पुकारायची की कुणाच्या घरचं पोर काय वाचतंय ते गल्लीला घरबसल्या कळत असे. सगळ्यांत जास्त मागणी 'आयर्न हेरॉन'ला. लोखंडी चिलखत घातलेला, चोचीचा मुखवटा लावलेला एक उंच माणूस, दर अंकात कुठल्या तरी बंदरात चोरांच्या मागे. गल्लीत त्याला कुणी हेरॉन म्हटलं नाही. तो लोखंडी बगळा. "अक्का, बगळा आला का?" "बगळा शालनकडे आहे, शुक्रवारी येईल." परक्याने ऐकलं असतं तर वाटलं असतं, ही बाई पक्षी पाळते.

पंच्याऐंशी साली घरोघर टीव्ही आले आणि रांग आटली. त्याच वर्षी संताजीराव गेले. अंबक्काने पाटी पुसली, कपाटात वाळलेला कडुलिंब घातला आणि दार ओढून घेतलं. दर वर्षी संक्रांत झाली की मात्र ती सगळी पुस्तकं गच्चीवर उन्हात पसरायची. वसुमती विचारायची, "पापड का?" अंबक्का म्हणायची, "हो, तळून देते, ये."

आणि मग नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यात गुंडूने जाहीर केलं की दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, गाडी घरी येणार. कागदोपत्री तो विराट, पण या घरात कागदोपत्री कुणी कुणाला हाक मारत नसे.

"आई, गाडी गॅरेजमध्ये हवी. पूजेला ती रस्त्यावर उभी करू का?"

"मग कपाट कुठं?"

"कपाट हॉलमध्ये घेऊ. आतलं सगळं रद्दीवाल्याला. मी बोललोय त्याच्याशी, पूजेच्या सकाळी येईल."

अंबक्का शेंगा सोलत बसली होती. पुढच्या शेंगा तिने सालीसकट भांड्यात टाकल्या, हे तिथे बसलेल्या दिव्यश्रीने पाहिलं.

दिव्यश्री ही अंबक्काच्या भावाची मुलगी, चोवीस वर्षांची. कोरमंगलात एका कंपनीत इंटरनेटची पानं बनवायची. कंपनी म्हणजे एका घराच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, सात कॉम्प्युटर आणि चहाची एक किटली. पण बोलणं सगळं अमेरिकेचं. लहानपणी सुटीत आली की याच गॅरेजमध्ये पालथी पडून तिने पुस्तकं वाचली होती. घरचीच म्हणून तिला भाडंही नव्हतं आणि गोष्ट सांगायची सक्तीही नव्हती. दुसऱ्या शनिवारी ती स्कूटीवरून कागदांची गुंडाळी घेऊन हजर झाली.

"आत्ते, रद्दीत कशाला घालवायची? नेटवर विकू. हे बघ, तिकडची दुकानं. बगळ्याचा एकतिसावा अंक. शंभर डॉलर."

"शंभर? सोन्याचा आहे का बगळा?"

"जुना अंक आहे. छापणारी कंपनी बंद पडली, म्हणून भाव चढलाय. आणि खाली लिहिलंय बघ, कोड टाकला तर वीस टक्के सूट."

"म्हणजे आधी चढवायचं आणि मग उतरवायचं. आपले साडीवाले काय वेगळं करतात? पण कोड म्हणजे काय गं?"

"गुप्त शब्द. ज्याला ठाऊक असेल त्यालाच सूट."

अंबक्काने चष्मा काढून पदराला पुसला. तिने चष्मा पुसायला घेतला की समोरच्याने सावध व्हावं, एवढं दिव्यश्रीला लहानपणापासून माहीत होतं.

"सरी, चालेल," अंबक्का म्हणाली. "प्रत्येक पुस्तक सव्वाशे डॉलर. कुणी घेऊच नये असं. आणि ज्यानं ते वाचून मला गोष्ट सांगितली होती, त्याला दुकानाच्या शिक्क्यातल्या किमतीत, दीड रुपयाला. पुस्तकं त्यांच्या घरी जाऊ देत. माझ्याकडे ती ठेवायलाच दिली होती असं समज."

"आणि कोड?"

"त्यानं सांगितलेली गोष्ट. वहीत आहे सगळी."

"आत्ते, कोड सहा अक्षरांचा असतो!"

"मग तुझी ती पेटी मोठी कर."

दिव्यश्रीने पेटी मोठी केली. पानावर चारशे नावं चढवली, प्रत्येकासमोर सव्वाशे डॉलर, आणि खाली तीन रकाने: नाव, सभासद नंबर, गोष्ट. परदेशी गेलेले बंगळूरकर जिथे जिथे नेटवर गप्पा मारत बसत, तिथे तिने सूचना टाकली. तिच्या ऑफिसातले लोक हसून हसून किटलीवर पडले. एवढं महाग दुकान त्यांनी पाहिलं नव्हतं आणि एवढी मोठी सूटही.

पहिली मागणी ओहायोच्या एका व्यापाऱ्याची. त्याचा सभासद नंबर नव्हता, तरी त्याने नशीब आजमावायचं म्हणून एकतिसाव्या अंकाची गोष्ट व्यवस्थित लिहून पाठवली होती. दिव्यश्रीने ती छापून आणली आणि मराठीत वाचून दाखवली. बंदरात जहाज, जहाजावर चोर, बगळा उडी मारतो, जहाज बुडतं, चोर फुग्यातून पळतो, बगळा पोहत दीपगृहावर जातो, पुढील अंकी चालू.

अंबक्काने वहीचं पान काढलं, बोट फिरवलं. "चूक."

"चूक?" दिव्यश्रीने कपाटातून अंक काढून उघडला. जहाज होतं, फुगा होता, दीपगृह होतं. ओहायोवाल्याने एक अक्षर इकडचं तिकडे केलं नव्हतं. "आत्ते, तुझ्या वहीत काय आहे?"

अंबक्का वाचू लागली. "बगळा एकतीस, सभासद त्र्याण्णव, हयवदन. बगळा चोरांच्या मागे पळून दमला. घरी आला तर भात करपलेला. तो म्हणाला, पुरे झालं. त्याने चिलखत वितळवून त्याचा मोठा तवा केला आणि गांधी बाजारात हॉटेल काढलं. चोर रोज डोसा खायला येतो. बगळा त्याला पकडत नाही, कारण पकडला तर गिऱ्हाईक जाईल."

त्या दुपारी आत्या जरा लवंडली, तेव्हा दिव्यश्रीने वही घेतली (तिला कानडी वाचता येत होतं) आणि एकेक पुस्तक काढून ताडून पाहिलं. शालनच्या गोष्टीत मुखवट्याआड बगळा नसून बाई होती, आणि नवऱ्याला कळू नये म्हणून ती चोच लावत होती. भाग्यलक्ष्मीच्या गोष्टीत चोराला गोवर निघाला होता. दहा पुस्तकं पाहिली, दहाही गोष्टी निव्वळ थापा. पोरांनी पाच पैशांसाठी आत्याला सोळा वर्षं गंडवलं होतं, आणि आत्याने ते मोत्यांसारख्या अक्षरांत उतरवून ठेवलं होतं.

आता काय करायचं? नियम असाच राहिला तर खरी गोष्ट लिहिणारा प्रत्येक जण नापास होणार. मोठेपणी कोण शहाणा माणूस लहानपणची थाप लिहून पाठवेल? म्हणजे एकही पुस्तक जाणार नाही, आणि आयुधपूजेच्या सकाळी सगळं रद्दीत. नियम बदलायचा तर आत्याला सांगावं लागणार, की तुला सगळ्यांनी फसवलं. संताजीराव गेल्यावर ज्या वहीवर हात ठेवून ही बाई दुपारी झोपायची, ती वही खोटी आहे हे तिला कोण सांगणार?

तिने एकदा आडून प्रयत्न केला. "आत्ते, पोरं कधी कधी गंमतही करतात ना?"

"करू देत की," अंबक्का म्हणाली आणि कॉफी गाळायला आत गेली.

मध्यंतरी वसुमतीनेही हात धुऊन घ्यायचं ठरवलं. वसुमती म्हणजे गल्लीची टपाल कचेरी. सगळ्यांचे सभासद नंबर तिला सोळा वर्षं कुंपणापलीकडून ऐकून पाठ. तिचा भाचा सिंगापूरला. त्याला तिने 'बावन्न' हा नंबर कळवला आणि एक अंक अंबक्काकडूनच वाचायला नेऊन त्यातली गोष्टही फोनवर सांगितली. मागणी आली, अंबक्काने ऐकली. "चूक."

"अगं चूक कशी?" शेजारीच बसलेली वसुमती उसळली. "परवाच पुस्तकात वाचली मी!" आणि मग जीभ चावली.

"असू दे वसु," अंबक्का म्हणाली. "बावन्न नंबर भाग्यलक्ष्मीचा. तुझ्या भाच्याला मिशा आहेत."

सप्टेंबरात सॅन होजेहून एक मेल आली. नाव हयवदन, सभासद नंबर त्र्याण्णव, अंक एकतीस. दिव्यश्री ऑफिसात खुर्चीतून उठलीच. शेवटी खरा माणूस! पण खाली गोष्ट वाचली आणि मटकन बसली. जहाज, फुगा, दीपगृह. तवा नाही, डोसा नाही.

तरी तिने आत्याला वाचून दाखवली, हळूच, मध्ये मध्ये थांबून, जणू सावकाश वाचलं तर जहाजाचा तवा होईल. या वेळी अंबक्काने वही उघडलीसुद्धा नाही.

"नंबर सरी आहे. हा आमचा हयवदन नव्हे."

"आत्ते, पंचवीस वर्षं झाली. माणूस विसरतो."

"हा विसरणार नाही."

आता हा हयवदन कोण, ते सांगायला हवं. मठाच्या स्वयंपाक्याचा मुलगा. चौऱ्याहत्तर साली असेल नऊ वर्षांचा. पायात चप्पल नाही, अंगाला कायम फोडणीचा वास. गल्लीतली बाकी पोरं कॉन्व्हेंटात, हा कानडी शाळेत. रोज यायचा. मुठीत नेहमी पाच पैसेच असायचे, दहा कधी पाहिल्याचं कुणाला आठवत नाही. त्याने गोष्ट सांगायला सुरुवात केली की रांगेतली पोरं मागे न ढकलता पुढे सरकून बसायची. शहात्तर साली बाप दुसऱ्या गावच्या मठात गेला, आणि हयवदन गेला तो गेलाच. त्यानंतर पुष्कळ दिवस अंबक्का बगळ्याचं पुस्तक कुणाला देताना म्हणायची, "बघ हं, हयवदनसारखी सांगायची."

दिव्यश्रीने सॅन होजेला दोन ओळी लिहिल्या: क्षमस्व, गोष्ट वहीशी जुळत नाही. उत्तर आलं नाही. आयुधपूजेला तीन आठवडे उरले, मग दोन, मग एक. एकही पुस्तक हललं नाही. गुंडू रोज सकाळी टेप घेऊन गॅरेज मोजायचा, जणू ते रात्रीतून आखडणार होतं.

पूजेचा दिवस उजाडला. गल्लीभर केळीचे खांब, सायकलींना झेंडू, स्कूटरच्या चाकाखाली लिंबं. दारात पांढरी मारुती हार घालून नवरीसारखी उभी. गाडीपुढे फोडायचा कोहळा कुंकू माखून तयार. आणि गॅरेजच्या तोंडाशी रद्दीवाला तराजू मांडून बसलेला. गुंडूने पहिला गठ्ठा उचलून बाहेर आणला. अंबक्का स्टुलावर, वही मांडीवर. दिव्यश्री दाराला टेकून उभी, तोंड कडू.

तेवढ्यात रिक्षा थांबली. उंच, डोक्यावरचे केस मागे हटलेले, चौतिशीचा एक माणूस उतरला. चपला फाटकाबाहेर काढून आत आला आणि सरळ अंबक्काच्या पायाशी वाकला.

"अक्का, त्र्याण्णव."

अंबक्काने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "मोठा झालास. जेवतोस ना वेळेवर?"

हयवदन हसला नाही. त्याने घसा साफ केला. दिव्यश्रीला कळलं, आता काय येणार ते. ती पुढे झाली, "कॉफी घेणार ना तुम्ही? आत चला," वगैरे बरंच काही म्हणाली, पण तो बोललाच.

"अक्का, मी तुम्हाला फसवलं. मला इंग्रजी येत नव्हतं. एक अक्षरही नाही. दहा पैसे नसायचे, पाचच असायचे, म्हणून मी चित्रं बघून मनाची गोष्ट रचायचो. सगळ्या रचलेल्या. तिकडे गेल्यावर एका जुन्या दुकानात एकतिसावा अंक सापडला, उभ्या उभ्या वाचला, तेव्हा कळलं बगळ्याचं खरं काय झालं ते. तोही मी घेऊ शकलो असतो. पण मला तुमचा हवा होता, सातव्या पानावर माझ्या तेलकट अंगठ्याचा डाग आहे तो. पुन्हा खोटं बोलून घ्यायचा नव्हता, म्हणून खरी गोष्ट लिहिली. तुम्ही नाही म्हणालात. बरोबर केलंत. सव्वाशे डॉलर आणलेत."

त्याने पाकीट पुढे केलं. गुंडू गठ्ठा हातात घेऊन तसाच उभा. कुंपणावर वसुमती, हातातल्या ताटातला कापूर विझून गेलेला. दिव्यश्रीने डोळे मिटून घेतले.

"पाकीट खिशात ठेव," अंबक्का म्हणाली. "गोष्ट सांग."

"खरी लिहिली होती ना, अक्का."

"ती नको. माझ्या वहीतली."

हयवदनने इकडे तिकडे पाहिलं. मग आपसूक तो जुन्या जागी, दाराच्या उजव्या खांबापाशी जाऊन उभा राहिला आणि एक हात कमरेवर ठेवला. "बगळा दमला होता," तो म्हणाला, आणि आवाज एकदम नऊ वर्षांचा झाला. भात करपला. चिलखत भट्टीत गेलं. हाताने तवा केवढा ते दाखवताना त्याचा हात गुंडूच्या डोक्यावरून गेला. रद्दीवाल्याने तराजू खाली ठेवला आणि उकिडवा बसून ऐकू लागला. डोसा तव्यावर पडला तेव्हा त्याने तोंडाने चुर्र केलं. चोर आला, बाकावर बसला...

हयवदन अडखळला.

"आणि चटणी?" अंबक्का म्हणाली. वही मिटलेलीच होती.

"चटणी लाल!" हयवदन ओरडला. "चोराला तिखट लागते, तो पाणी मागतो, बगळा म्हणतो, आधी चोरलेलं परत कर, मग पाणी!"

"हे वहीत नव्हतं," दिव्यश्रीच्या तोंडून निघून गेलं.

"लिहायला विसरले होते," अंबक्का म्हणाली. तिने गुंडूच्या हातातल्या गठ्ठ्यातून एकतिसावा अंक ओढून काढला, सातवं पान उघडून डाग पाहिला आणि हात पुढे केला. "दीड रुपया." हयवदनने दोनाची नोट दिली. अंबक्काने कमरेच्या पिशवीतून आठ आणे मोजून परत केले.

रद्दीवाल्याला त्या दिवशी कॉफी आणि केळं मिळालं, रद्दी मिळाली नाही. दिव्यश्रीने दुसऱ्याच दिवशी पानावर पेटीखाली एक ओळ वाढवली: खरी गोष्ट नको, तेव्हा सांगितली होती ती लिहा. हयवदनने ती ओळखीच्या सगळ्यांना पाठवली, आणि मग थापांचा पूर आला. ह्यूस्टनहून गोवर निघालेला चोर आला. येलहंक्याच्या हवाई दलाच्या वसाहतीतून शालनचं पोस्टकार्ड आलं, त्यात चोचीआडची बाई जशीच्या तशी. वसुमतीच्या भाच्याला मात्र शेवटपर्यंत सूट मिळाली नाही. त्याच्या नावावर एकही थाप नव्हती. संक्रांतीपर्यंत कपाट निम्मं झालं, आणि तोवर मारुती ताडपत्री पांघरून रस्त्यावरच उभी. हल्ली तिथे तीन मजली इमारत आहे, खाली पार्किंग, एकाही गाडीला गोष्ट नाही.

पण त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं. कोहळा फुटला, हयवदन अंक छातीशी धरून पायरीवर बसला, दिव्यश्री कुणाचं लक्ष नाही असं समजून डोळे पुसत होती. वसुमतीला राहवेना. ती कुंपणावरून निम्मी अलीकडे आली.

"अय्यो अंबक्का! म्हणजे सोळा वर्षं ही सगळी पोरं तुला फसवत होती, आणि तू पाच-पाच पैसे सोडत बसलीस? तुला काही कळलंच नाही का गं?"

अंबक्का चष्मा पुसत होती. तिने तो डोळ्यांवर चढवला.

"वसु, मला इंग्रजी येत नाही, पण चित्रं दिसतात. शेवटच्या पानावर जहाज बुडतंय हे बघायला कुठली शाळा लागते? ती गोष्ट पुस्तकात आहेच, सव्वाशे डॉलर देईल त्यानं न्यावी. डोशाची गोष्ट या जगात या पोराला आणि मलाच ठाऊक होती. पाच पैशांत मिळाली, मी तर म्हणते स्वस्तात मिळाली."